नुसत्या बसून होत्या

तक्रारीचं अक्षर इतकं देखणं होतं की मेट्रनबाईंनी पत्र आधी कौतुकाने न्याहाळलं आणि मग वाचलं. डावीकडे समास सोडलेला, ओळी फूटपट्टीने आखल्यासारख्या, विषयाखाली रेघ. विषय होता, प्रसूती कक्षातील परिचारिकेच्या निष्काळजीपणाबाबत. माझी सून सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत वेदनेने तळमळत असताना सदर परिचारिकेने तिला एकही गोळी दिली नाही, इंजेक्शन दिले नाही, सलाईन लावली नाही. सदर परिचारिका सहा तास रुग्णाजवळ नुसत्या बसून होत्या व मधूनमधून हसतही होत्या.

"हसत होतात?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"हसले असेन," उशीबाई म्हणाल्या. "बाई विनोदी होती."

मेट्रनबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तीन दिवसांत लेखी खुलासा द्या, म्हणाल्या. त्यांनाही ते आवडलं नव्हतं, पण पत्राला आवक क्रमांक पडला होता, आणि आवक क्रमांक पडलेल्या कागदाला त्या इमारतीत माणसापेक्षा जास्त मान होता.

उशीबाई हे नाव त्यांना वॉर्डातल्या मावशीने ठेवलं होतं आणि ते चिकटलं. सव्वीस वर्षं त्या बाळंतिणींच्या वॉर्डात होत्या आणि त्यातली निम्मी उश्यांसाठी भांडण्यात गेली असतील. दिवस भरत आलेल्या बाईला कुशीवर झोपवायचं तर एक उशी गुडघ्यांच्या मध्ये लागते, एक पोटाखाली, एक पाठीशी. बाळाला पाजायला बसवायचं तर एक मांडीवर लागते, नाहीतर बाई वाकून वाकून पाजते आणि आठ दिवसांत तिची मान धरते. पोटावर टाके असतील तर खोकताना छातीपोटाशी घट्ट धरायला एक लागते. आणि स्टोअरकीपरचा नियम होता, खाटेमागे एक उशी. माणसाला डोकं एकच असतं बाई, असं तो दर वेळी सांगायचा, जणू शोध त्यानेच लावला होता. मग उशीबाई हाडांच्या वॉर्डात गप्पा मारायला जायच्या आणि येताना काखेत दोन उश्या घेऊन यायच्या. हाडांच्या वॉर्डाने शेवटी उश्यांवर शाईने आपलं नाव घातलं. उशीबाईंनी अभ्रे बदलले.

ज्या सुनेबद्दल ती तक्रार होती ती शहर बसमध्ये कंडक्टर होती. सातव्या महिन्यात पहिल्यांदा आली ती पाय सुजवून, बुटांच्या नाड्या सोडून. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, लघवी तपासली, सगळं ठीक होतं. दिवसभर उभं राहून असं होतं, म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाई पाठीला हात लावून बाहेर बाकावर बसली तेव्हा उशीबाईंनी तिला आत नेलं. बसून करायचं काम मागा, डेपोला हवी असेल तर चिठ्ठी मी डॉक्टरांकडून लिहून घेते, म्हणाल्या. डाव्या कुशीवर कसं झोपायचं ते खाटेवर झोपवून दाखवलं. घोट्यातून पाय कसे फिरवायचे, घरी आल्यावर पाय कशावर ठेवायचे ते सांगितलं. पाठ फारच भरून आली तर हातागुडघ्यांवर ओणवं होऊन कंबर हळूहळू झुलवायची, मांजर आळस देतं तशी. कंडक्टरबाईने तिथेच करून पाहिलं आणि ओणव्यानेच म्हणाली की आता या अवस्थेत कोणी तिकीट मागू नये म्हणजे झालं.

तिचा नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर होता. पुढच्या खेपेला तिने सांगितलं की तीन उश्या घेऊन झोपायला लागल्यापासून ड्रायव्हर म्हणतो, गाडी फुल्ल, आता मी लटकत जाऊ का? घरात तिसरं माणूस म्हणजे सासरे, कुठल्याशा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सासू चार वर्षांपूर्वी गेली होती. तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ती येऊ शकणार नव्हती.

कळा सुरू झाल्या सोमवारी सकाळी. ड्रायव्हर पहाटेच लांबच्या फेरीवर गेला होता, चारच्या आधी परतणार नव्हता, म्हणून सासरेच तिला घेऊन आले. पुरुष नातेवाइकांना आत सोडायचं नाही असा नियम. ते बाहेर उभे राहिले. दाराला ताटाएवढी गोल काच होती. तिच्यातून सासऱ्यांना जे दिसत होतं ते एवढंच, खाटेची कड, सुनेची पाठ आणि स्टुलावर बसलेली एक परिचारिका.

आत काय चाललं होतं ते काचेतून दिसण्यासारखं नव्हतं. पहिल्या तासात उशीबाईंनी तिला खोलीतल्या खोलीत चालवलं. कळ आली की खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकून वाकायचं, श्वास सोडताना लांब सोडायचा, घाई करायची नाही. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे होती, अशा वेळी कंबरेत ज्या कळा येतात त्या फार वाईट. उशीबाई तळहाताची टाच माकडहाडाच्या वर ठेवून दाबायच्या, नुसत्या हाताने नाही, अख्खं अंग टाकून. कळ ओसरली की हात तसाच ठेवायचा, पण हलका. मग गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून. मग खाटेवर गुडघे टेकून उश्यांच्या ढिगावर छाती टाकून. घोट घोट पाणी. लघवीला जाऊन ये, म्हणून तासातासाला आठवण. बाळाचे ठोके ऐकायचे, ते तिलाही ऐकवायचे. अकराच्या सुमाराला बाई रडली, मला नाही जमणार म्हणाली. उशीबाईंनी तिला सांगितलं, सुईने दुखणं कमी करता येतं, हवी असेल तर आत्ता डॉक्टरांना बोलावते, त्यात कमीपणा काही नाही. बाईने दोन कळा विचार केला आणि म्हणाली, तुम्ही उठणार नसाल तर नको. उशीबाई उठल्या नाहीत.

डॉक्टर दोनदा येऊन तपासून गेले. छान चाललंय, असंच चालू द्या, म्हणाले. दोनच्या सुमाराला बाळ फिरलं, कळा पोटात आल्या आणि बाईच्या चेहऱ्यावर एकदम वेगळाच निर्धार आला. "डबल बेल मारू का?" तिने दात आवळून विचारलं. उशीबाई हसल्या. ते हसणं काचेतून दिसलं.

तीनला पाच मिनिटं कमी असताना मुलगी झाली. टाकाही पडला नाही.

खुलासा लिहायला उशीबाईंनी रजिस्टर मागवलं. त्यात रकाने होते: वेळ, औषध, मात्रा, कोणत्या मार्गाने, सही. सोमवारच्या पानावर त्या बाईच्या नावापुढे नऊ ते तीन सगळं कोरं होतं. औषध दिलं नव्हतं तर लिहिणार काय? शेवटी शेरा म्हणून दोन बोटं रुंदीचा रकाना होता, त्यात उशीबाईंनी एक शब्द लिहिला होता, सोबत. सव्वीस वर्षं त्या तोच शब्द लिहीत आल्या होत्या. पानंच्या पानं, सोबत, सोबत, सोबत. आता ते वाचताना त्यांना स्वतःचाच राग आला.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरात बसून सात पानं लिहिली. मेट्रनबाईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, खूप चांगलं आहे, पण समितीला अर्धं पान चालतं. अर्ध्या पानात उरलं ते असं की रुग्णास धीर देण्यात आला.

समिती बुधवारीच बसली. समिती म्हणजे उपअधीक्षक, मेट्रनबाई आणि इतिवृत्त लिहायला एक लेखनिक. त्या दिवशीचे डॉक्टर परीक्षेसाठी रजेवर गेले होते, त्यांची चिठ्ठी होती, प्रगती समाधानकारक. उपअधीक्षक भले गृहस्थ होते, आवाज चढवत नसत.

"सहा तासांत तुम्ही नेमकं दिलं काय?" त्यांनी विचारलं.

"पाठ दाबली, सर. चालवलं, कूस बदलली, शेक दिला. श्वास कसा सोडायचा ते दर कळेला सांगितलं."

"ते ठीक आहे. उपचार काय दिला?"

"हाच उपचार होता. औषधाची गरज पडली असती तर मीच पहिली धावले असते. तिला विचारलं होतं, ती नको म्हणाली."

"नोंद कुठे आहे?"

"रजिस्टरला तसला रकाना नाही."

"मग मी काय समजायचं, सिस्टर? कागदावर तुम्ही सहा तास काहीच केलेलं नाही."

उशीबाईंनी तळहाताची टाच टेबलाच्या कडेवर टेकवून दाबून दाखवली. आपण अर्धा तास शब्द शोधत बसलो तरी या माणसाला तो दाब कळणार नाही, एवढं त्यांना कळलं. लेखनिकाने लिहिलं, परिचारिका निरुत्तर.

दोष कोणावर ठेवला नाही. मात्र नातेवाइकांचं समाधान न झाल्याचं दिसतं, म्हणून तीन महिने बाह्यरुग्ण विभागाच्या इंजेक्शन खोलीत बदली.

इंजेक्शन खोलीत एकाही माणसाने कधी तक्रार केली नाही. चिठ्ठी घ्यायची, बाटली फोडायची, सुई टोचायची, कापूस दाबायचा, पुढचा. दोन मिनिटांत माणूस खूश होऊन बाहेर जायचा. सिस्टरचा हात हलका आहे, असं लोक एकमेकांना सांगायचे. ज्या हातांनी दिवसदिवस बायकांच्या कंबरा दाबून मनगटं दुखवून घेतली, त्यांचं कौतुक आता पिचकारीवरून होत होतं. उशीबाईंना ते ऐकून हसूही येईना.

जेवणाच्या सुट्टीत मावशी वरची बातमी घेऊन यायची. स्टोअरकीपर उश्या उचलून घेऊन गेला, प्रत्येक खाटेवर एक ठेवली. पोटावर टाके असलेली एक बाई दोन दिवस उताणी पडून आहे, उठवून बसवायला कोणाला वेळ नाही. उशीबाई एकदा जेवण टाकून वर गेल्या, तिला कुशीवर वळवून, हाताच्या आधाराने कसं उठायचं ते दाखवून आल्या. वॉर्डाच्या नव्या प्रमुख सिस्टरने त्यांना दारात गाठलं. ती वाईट नव्हती, नुसती घाबरलेली होती. तुमच्यावर चौकशी झालीय, उगाच आमच्यावर यायचं, तेव्हा नका येत जाऊ, असं तिने हात जोडून सांगितलं. हात जोडलेल्या माणसाशी भांडताही येत नाही.

बाळंतपणानंतरच्या सोमवारी सकाळी रांगेत कंडक्टरबाई दिसली. केस विस्कटलेले, दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, काखेत काही अडकल्यासारखे. मागे सासरे, त्यांच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली मुलगी, आणि ती मुलगी असं रडत होती की सगळी रांग वळून पाहत होती. घरी सोडताना त्यांना कागद दिला होता, दर दोन तासांनी पाजावे. कसं, ते कागदावर नव्हतं. शुक्रवारपासून छाती दगडासारखी झाली होती. मुलगी तोंड लावायची, काही हाती लागायचं नाही, चिडून सोडून द्यायची. ड्रायव्हरने दोन दिवस रजा काढली, मग त्याला जावं लागलं. आत्ता डॉक्टरांनी तपासलं होतं. ताप नाही, पू नाही, दूध साठलंय, पाजत राहा, असं म्हणून तीन मिनिटांत बाहेर पाठवलं होतं.

सासरे टेबलापाशी आले तेव्हा त्यांनी उशीबाईंना ओळखलं. उशीबाईंनी चिठ्ठीसाठी हात पुढे केला. मुलगी रडतच होती.

"चिठ्ठी नाहीये," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "पण काहीतरी टोचा हिला. काहीतरी करा."

उशीबाईंच्या मनात पहिल्यांदा काय आलं ते त्यांनी नंतर मावशीला प्रामाणिकपणे सांगितलं. मनात आलं की म्हणावं, आता कसं, मी तर नुसती बसणारी बाई. मग त्यांनी कंडक्टरबाईकडे पाहिलं. ती रडत नव्हती, ओठ आवळून उभी होती, शेवटच्या फेरीला माणूस उभं असतं तशी.

"टोचायला काही नाहीये यात," त्या म्हणाल्या. "बाबा, तुम्ही दारात थांबा. कोणाला आत सोडू नका."

पडद्यामागे खाट होती. उशीबाईंनी बाईला पाठ टेकून बसवलं, खांदे खाली सोडायला लावले. गरम पाण्यात पंचा पिळून दोन-तीन मिनिटं छातीवर ठेवला. मग हात स्वच्छ धुऊन बोंडीभोवतीच्या काळ्या भागाला बोटांच्या टोकांनी हलकेच आत, छातीकडे दाबून धरलं, मिनिटभर तरी, सगळ्या बाजूंनी. सूज मागे सरली, तो भाग ओठासारखा मऊ झाला. थोडं दूध हाताने पिळून काढलं आणि मग बाईचा हात धरून तिलाच काढायला लावलं, कारण घरी उशीबाई नसणार होत्या. मुलगी रडून थकली होती, तिला तशी छातीशी नेण्यात अर्थ नव्हता. तिला आधी आईच्या उघड्या छातीवर पालथी टाकली, वर चादर घातली, आणि वाट पाहिली.

ही वाट पाहणं बाहेरच्यांना कसं दिसेल ते उशीबाईंना माहीत होतं. बाहेर रांग वाढत होती.

हळूहळू रडं उतरलं. मुलगी मान हलवून हुंगायला लागली. तेव्हा उशीबाईंनी तिला आडवी घेतली, पोट आईच्या पोटाला, नाक बोंडीसमोर, हनुवटी आधी टेकू द्यायची. ती आ करेपर्यंत थांबायचं, मोठा आ, आणि मग मुलीला छातीकडे आणायचं, छाती मुलीकडे न्यायची नाही. पहिल्यांदा सुटलं. दुसऱ्यांदा दुखलं, बोट घालून सोडवलं. तिसऱ्यांदा धरलं. दोन-चार भराभर चोखे, आणि मग गिळल्याचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट.

कंडक्टरबाईचे खांदे कानांपासून खाली आले. आता ती रडली.

बाहेर एक माणूस पोटरीला फडकं बांधून उभा होता, त्याला कुत्रं चावलं होतं. वीस मिनिटं झाली तेव्हा तो म्हणाला, आत चाललंय काय? मी पाहिलं पडद्याच्या फटीतून, सिस्टर काही करत नाहीयेत, खाटेवर बसल्यात गप्प. मी तक्रार करणार, कोणाकडे पेन आहे का? सासऱ्यांच्या खिशाला पेन होतं, दोन होती, एक निळं नि एक लाल. त्या माणसाला ती दिसत होती. सासऱ्यांनी खिशावर हात ठेवला.

"पेन नाही देणार," ते म्हणाले. "त्या काम करतायत. तुमची सुई पाच मिनिटं उशिरा लागली तर चालते, मी डॉक्टरांना विचारून येतो हवं तर."

आतून उशीबाईंनी ते ऐकलं. त्यांना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एवढं कळायला आधी माझी बदली का व्हावी लागली, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता.

मुलगी झोपली. उशीबाईंनी बाईला सांगितलं, पाजून झाल्यावर थंड पंचा ठेव, पाजायच्या आधी गरम. एक बाजू पूर्ण मऊ होऊ दे, मग दुसरी. ताप आला किंवा एखादी जागा लाल होऊन दुखायला लागली तर मात्र घरी थांबायचं नाही, सरळ डॉक्टरकडे यायचं. मग त्या बाहेर आल्या आणि आधी कुत्रं चावलेल्याला टोचलं.

सासरे दुपारी परत आले, एकटेच. रांग संपली होती. बाकावर बसून त्यांनी सांगितलं की त्यांचं पहिलं मूल जन्मतानाच गेलं होतं. तेव्हाही असंच होतं. एक दार, आत बायको, आणि कोणीतरी बसलेलं. दर वेळी विचारलं की सांगायचे, काही नाही, होईल. त्या वेळी मात्र खरोखरच कोणी काही करत नव्हतं, सिस्टर, ते म्हणाले, नुसतेच बसले होते. मला काचेतून फरक कळला नाही.

 उशीबाईंना या माणसावर रागवायचं होतं, आठ दिवस त्या मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होत्या, आणि आता तो राग ठेवायला जागाच राहिली नाही. हा तर आणखी एक मनस्ताप.

सासऱ्यांनी तक्रार मागे घ्यायचं पत्र आणलं होतं, तितक्याच सुंदर अक्षरात. कचेरीत त्यांना सांगितलं गेलं की तक्रार दाखल करायची पद्धत आहे, मागे घ्यायची नाही. प्रकरण निकाली निघालं आहे, निकाली निघालेलं प्रकरण पुन्हा उघडायला नवीन तक्रार लागेल. ती कोणाविरुद्ध करू, असं त्यांनी विचारलं. लेखनिकाने खांदे उडवले. चाळीस वर्षं सासऱ्यांनी टेबलाच्या पलीकडे बसून लोकांना असंच परत पाठवलं असणार. ते त्यांनी स्वतःच उशीबाईंना सांगितलं, कडवट हसत.

मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. रकाना नाही म्हणता ना, रकाना करू. आठवडाभर ते दुपारी यायचे, बाकावर वही उघडून बसायचे आणि उशीबाईंना विचारायचे. दाब कुठे दिलात? किती वेळ? कूस कधी बदलली? त्याने काय झालं? उशीबाई वैतागायच्या. हाताला कळतं हो, सांगता येत नाही, म्हणायच्या. सांगता येत नाही म्हणून तर तुम्ही इथे आलात, ते म्हणायचे आणि पुढचा प्रश्न विचारायचे. शेवटी एक अर्धं पान तयार झालं. सात ओळी. हालचाल, स्थिती, स्पर्श व दाब, शेक, श्वास, पाणी, पाजण्यास मदत. प्रत्येकापुढे वेळ आणि चार शब्दांची जागा. मेट्रनबाईंनी ते पाहिलं आणि आपल्या सहीने पुढे पाठवलं.

तीन महिने पूर्ण भरल्यावर, एक दिवस कमी नाही, उशीबाई वॉर्डात परत आल्या. पंधरा दिवसांनी तो तक्ता मंजूर होऊन आला. मंजूर होताना तो चार समित्यांतून गेला होता आणि प्रत्येकीने आपली भर घातली होती. अर्ध्या पानाची चार पानं झाली होती. स्पर्शाचा प्रकार, दाबाची तीव्रता एक ते पाच, रुग्णाची प्रतिक्रिया समाधानकारक, असमाधानकारक, लागू नाही. दर पंधरा मिनिटांनी भरावे. परिचारिकेने स्वहस्ते भरावे.

सासरे नातीला लशीसाठी घेऊन आले होते, तेव्हा उशीबाईंनी त्यांना ती पानं दाखवली. ते उभ्याउभ्याच वाचत राहिले. "मी सात ओळी दिल्या होत्या," ते म्हणाले.  नात त्यांचं पेन ओढत होती.

त्याच दुपारी एक पहिलटकरीण आली. कळा कंबरेतच होत्या. सोबत तिची मोठी जाऊ, भिंतीला टेकून उभी, हाताची घडी घालून. दोघींचं फारसं पटत नसावं, कारण आल्यापासून एकमेकींशी एक शब्द नव्हता. उशीबाईंनी बाईला उश्यांवर ओणवं केलं, तळहात कंबरेवर टेकवला, आणि कळ ऐन भरात असताना भिंतीवरच्या घड्याळात पंधरा मिनिटं झाली. तक्ता टेबलावर होता. टेबल चार पावलांवर.

त्यांनी हात उचलला तशी बाई कळवळली. उशीबाईंनी हात परत ठेवला. पुढच्या पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांना असा संताप आला की ती चार पानं खिडकीतून बाहेर टाकावीत. पण कोरं पान म्हणजे काय ते त्यांनी तीन महिने भोगलं होतं.

"इकडे या हो," त्या जावेला म्हणाल्या.

जाऊ दचकली. मला यातलं काही कळत नाही, म्हणाली. उशीबाईंनी तिचा हात धरून आपल्या हाताच्या जागी ठेवला आणि दाबा म्हणाल्या. जाऊ आधी घाबरत, उगाच टेकवल्यासारखा हात ठेवून राहिली. पुढची कळ आली. धाकटीच्या तोंडून आवाज निघाला तशी थोरलीने अंग पुढे टाकलं आणि जोर लावला. धाकटीने मान वळवून पाहिलं, कोणाचा हात आहे ते. मग पुन्हा उशीत तोंड घातलं.

उशीबाई टेबलापाशी गेल्या आणि पेन उचललं. वेळ लिहिली. दाबाची तीव्रता एक ते पाच यातलं काय लिहायचं ते कळेना, म्हणून त्यांनी वळून पाहिलं. जावेच्या कपाळावर घाम आला होता, पण हात ढळला नव्हता.

"थोडं खाली घ्या," त्या म्हणाल्या. "हां. तिथेच राहा."